महाधमनी कधी फुटेल हे रक्ताच्या रिपोर्टवरून आज कळत नाही, सोनोग्राफीत निदान तिचं माप तरी लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या आरोग्याच्या पानावर, रक्ताच्या एका टेस्टमधून महाधमनी फुटण्याचा धोका आधीच कळणार अशी बातमी आली आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या लॅबच्या काउंटरवर लोक त्या बातमीचा फोटो मोबाईलवर दाखवून विचारायला लागले, ही टेस्ट तुमच्याकडे होते का, पैसे किती, उपाशीपोटी यायचं का. मी सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रक्त काढायचं, मशीनला लावायचं, रिपोर्ट टाईप करायचा हेच दिवसभराचं काम, म्हणून हे पत्र लिहिल्याशिवाय राहवलं नाही. बातमी खोटी होती असं मी म्हणत नाही. संशोधन खरंच चालू आहे आणि ते व्हायलाच पाहिजे. पण बातमीत दोन वेगळ्या गोष्टी एकात एक मिसळल्यात आणि त्यातून एखादा माणूस नॉर्मल रिपोर्ट खिशात घालून निर्धास्त घरी बसेल, याची मला मनापासून भीती वाटते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. महाधमनी म्हणजे शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, हृदयातून निघते, छातीत वळण घेऊन पाठीच्या कण्याला धरून खाली पोटात येते आणि बेंबीच्या आसपास तिचे दोन फाटे होऊन पायांकडे जातात. पोटात तिची रुंदी साधारण २ सेंटीमीटर असते, ३ सेंटीमीटर किंवा जास्त झाली की डॉक्टर त्याला फुगा म्हणजे अ‍ॅन्युरिझम म्हणतात, आणि पुरुषांत ५.५ व बायकांत ५ सेंटीमीटरच्या आसपास गेली की ऑपरेशनचा विचार सुरू होतो. हा फुगा वर्षानुवर्षं दुखत नाही, खुपत नाही. पण फुटला की दहातली आठ माणसं जातात, बरीचशी दवाखान्यात पोचायच्या आधीच. दुसरा प्रकार छातीतला जास्त, त्यात महाधमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडते आणि रक्त भिंतीच्या थरांमध्ये घुसतं, गोधडीची शिवण एका जागी उसवली की थर सुटत जातात ना तसे ते थर पुढे पुढे सुटत जातात. ही चीर हृदयाजवळच्या भागात असेल आणि ऑपरेशन झालं नाही तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला १ ते २ टक्के माणसं दगावतात असं डॉक्टर लोक पूर्वीपासून सांगत आलेत.

म्हणजे आधी कळणं किती मोलाचं आहे ते यावरूनच लक्षात येईल. आइन्स्टाइनना हाच आजार होता. १९४८ मध्ये त्यांच्या पोटातला फुगा सापडला, डॉ. रुडॉल्फ निस्सेन या सर्जननी त्याला बाहेरून सेलोफेन गुंडाळला कारण त्या काळात त्याहून फार काही करता येत नव्हतं, आणि १९५५ च्या एप्रिलमध्ये प्रिन्स्टनला तो फुटून ते गेले. मधली सात वर्षं फुगा आहे हे माहीत होतं, पण फुटणार कधी हे सांगणारं कोणी नव्हतं. आज सीटी आहे, पोट न फाडता जांघेतून स्टेंट टाकता येतो, तरी फुटणार कधी हा प्रश्न बराचसा तिथंच आहे.

आज डॉक्टरांच्या हातात मुख्य आकडा एकच, रुंदीचा. तो कामाचा आहे यात शंका नाही. ब्रिटनमध्ये १९९८ साली एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले, ४ ते ५.५ सेंटीमीटरचे फुगे असलेल्यांत लगेच ऑपरेशन केलेले आणि नुसती ठरावीक काळाने सोनोग्राफी करत राहिलेले यांच्यात जगण्याचा फरक दिसला नाही, म्हणून ५.५ ची रेघ आखली गेली. पण ही रेघ सगळ्यांना पुरत नाही हेही तितकंच खरं. आयरॅड नावाची आंतरराष्ट्रीय नोंदवही आहे, महाधमनी चिरलेल्या पेशंटची, तिच्यातली हृदयाजवळ चीर पडलेल्या ५९१ जणांची माहिती २००७ मध्ये छापून आली, त्यात ५९ टक्के लोकांची महाधमनी ५.५ पेक्षा कमी रुंद होती आणि ४० टक्क्यांची तर ५ पेक्षाही कमी. म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं रेघेच्या अलीकडेच होती. बायकांचे फुगे कमी आढळतात पण त्याच मापाला पुरुषांपेक्षा फुटण्याचा धोका कितीतरी जास्त. त्यामुळे रुंदी सोडून दुसरं काहीतरी पाहिजे, भिंत आतून किती कुजलीय हे सांगणारं, आणि ते रक्तात सापडलं तर काय हवं, असं संशोधकांना वाटलं तर ते बरोबरच आहे.

रक्तात काय शोधतात तेही सांगते, कारण बातमीत डी-डायमर सोडला तर फक्त बायोमार्कर, म्हणजे आजाराची रक्तातली खूण, एवढाच शब्द होता. महाधमनीच्या भिंतीत इलॅस्टिन नावाचा ताणला जाऊन परत जागेवर येणारा धागा असतो, शरीर तो लहान वयातच बनवून ठेवतं, पुढे नवा जवळजवळ बनत नाही. फुगा होताना हे धागे तुटतात आणि तुटलेल्या तुकड्यांतला डेस्मोसिन नावाचा पदार्थ रक्तात येतो, मोठा फुगा असलेल्यांत तो जास्त सापडतो, ब्रिटनमध्ये त्यावर चांगलं काम झालंय. धागे तोडणारी जी एन्झाइम आहेत त्यातलं एमएमपी-९ हे सगळ्यात गाजलेलं. जपानमधल्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात वेगळाच रस्ता धरला, भिंतीतले स्नायू फाटले की त्यांच्यातलं मायोसिन रक्तात सुटतं ते मोजायची पद्धत काढली, अडचण एवढीच की ते दिवसभरात परत खाली येतं आणि आपल्याकडचा पेशंट तोपर्यंत गावातल्या डॉक्टरकडून तालुक्याला आणि तिथून जिल्ह्याला फिरतच असतो. याशिवाय सीआरपी, होमोसिस्टीन, लायपोप्रोटीन ए अशी नावं आहेत, ही शेवटची तीन हल्ली फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये हार्ट रिस्क म्हणून घातलेली असतात.

आणि मग आपला डी-डायमर. कोरोनाच्या दोन वर्षांत हा शब्द घराघरात गेला, माणसं व्हॉट्सॲपवर एकमेकांना डी-डायमरचे आकडे पाठवायची. रक्ताची गुठळी विरघळायला लागली की तिचे जे तुकडे होतात तो हा डी-डायमर. महाधमनीत चीर पडून थरांमध्ये रक्त साकळलं की तो वाढतो. पण तो न्यूमोनियात वाढतो, गरोदरपणात वाढतो, कॅन्सरमध्ये, ऑपरेशननंतर, पायात गुठळी झाली तरी वाढतो आणि नुसत्या वयानेही वाढतो. ज्या आजींचे गुडघे सुजलेत त्यांचाही वाढलेला निघू शकतो. पुन्हा आकड्यांची वेगळीच भानगड. ही टेस्ट निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये करतात, तिच्यात सायट्रेटचं पाणी असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण बसायला रक्त बरोबर खुणेपर्यंत भरावं लागतं, कमी पडलं तर सॅम्पल टाकून परत टोचावं लागतं आणि घाईगर्दीत तसंच पुढे ढकललं तर रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय काही लॅबचा आकडा एफईयू या एककात असतो काहींचा डीडीयू या एककात, पहिला दुसऱ्याच्या साधारण दुप्पट येतो, म्हणजे त्याच माणसाचं तेच रक्त एका लॅबमध्ये ५०० आणि दुसरीकडे २५०, आणि दोन्ही बरोबर. घरचे लोक दोन कागद शेजारी ठेवून म्हणतात, बघा निम्म्यावर आलं. मी हे काउंटरवर कितीतरी वेळा समजावलंय.

आता मूळ मुद्दा, जिथे बातमी घसरली. डी-डायमरचा उपयोग आहे, आणि तो मोठा आहे, पण तो फक्त आत्ता या क्षणी चीर पडलीय का या प्रश्नाला आहे. २०१८ मध्ये ॲडव्हाइज्ड नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, इमर्जन्सीत आलेल्या १८५० लोकांवर, त्यात लक्षणं आणि तपासणीवरून आधी डॉक्टरांनी गुण द्यायचे, गुण कमी असतील आणि डी-डायमर ५०० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर महाधमनीची चीर बहुतेक नाही असं धरता येतं, अशा हजार जणांत जेमतेम तिघांत चुकतं. इथे आधी डॉक्टर आहे, मग रक्त आहे, हा क्रम सोडून चालत नाही, कारण थरांमध्ये रक्त साकळून घट्ट बसलेलं असेल तर डी-डायमर फारसा वाढत नाही असंही होतं. या अभ्यासात पुढच्या वर्षी फुगा फुटेल की नाही असं काही विचारलेलंच नव्हतं. तुमच्या बातमीत याच टेस्टचं नाव घेऊन खाली धोका आधीच ओळखता येणार असं लिहिलं होतं. घरात ठणठणीत बसलेल्या माणसाने डी-डायमर करून घेतला आणि नॉर्मल आला तर त्याच्या पोटात फुगा आहे की नाही हे त्यातून कळत नाही, आणि असलेला फुगा फुटेल की नाही हेही कळत नाही.

मग बाकीचे मार्कर? त्यांच्यातल्या एकावरही भरवसा ठेवून ऑपरेशन कधी करायचं ते ठरवा असं डॉक्टरांच्या मोठ्या संघटनांच्या मार्गदर्शक सूचना आजही सांगत नाहीत. का, ते मी माझ्यापुरतं असं समजून घेतलंय. समजा लहान फुगा असलेली १००० माणसं आहेत आणि वर्षभरात त्यातल्या १० जणांचा फुटणार आहे. आपल्याकडे अशी टेस्ट आहे जी दहातले नऊ बरोबर पकडते आणि ज्यांचा फुटणार नाही त्यातल्या शंभरातल्या फक्त वीस जणांना उगाच धोक्यात दाखवते, ऐकायला छानच वाटेल कोणालाही. पण हिशोब करा, उरलेल्या ९९० चे वीस टक्के म्हणजे १९८ माणसं उगाच पॉझिटिव्ह, त्यात खरे ९ मिळवले की एकूण २०७ जणांना आपण तुमचा फुटणार म्हणून घाबरवलं. आणि ज्याला सुरक्षित म्हणून घरी पाठवलं त्यातला एक गेलाच. महाधमनीचं ऑपरेशन म्हणजे काही दाढ काढणं नव्हे, त्यातही माणसं दगावतात, किडनी जाते, पाय लुळे पडू शकतात. नुसतं फुगा असलेल्यांत अमुक पदार्थ जास्त सापडला एवढ्यावर हे पाऊल उचलता येत नाही. एमएमपीचंच बघा, फुग्याच्या भिंतीत ते जास्त असतं हे पक्कं माहीत होतं, डॉक्सिसायक्लिन गोळीने ते दबतं हेही माहीत होतं, म्हणून अमेरिकेत लहान फुगे असलेल्यांना दोन वर्षं ती गोळी दिली, २०२० मध्ये निकाल आला, फुग्याच्या वाढीत काहीच फरक नाही. असे निकाल निराश करतात पण ते छापून आले म्हणून तर पुढचं शहाणपण येतं.

आमच्या ओळखीतल्या एका काकांबद्दल सांगते. वय सत्तरीच्या पुढे, आयुष्यभर बिडी, बीपीची गोळी आठवली तर घ्यायची. लघवीला त्रास म्हणून त्यांनी सोनोग्राफी केली होती, रक्तही तपासलं होतं, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, पीएसए, सगळं बरं. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर दोन्ही किडन्यांची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, प्रोस्टेटचं वजन ग्रॅममध्ये, पित्ताशयाच्या भिंतीची जाडीसुद्धा. आणि खाली एक ओळ, ॲओर्टा (म्हणजे महाधमनी) आणि आयव्हीसी (तिच्या शेजारची मोठी शीर) नॉर्मल. माप नाही. पुढे वर्षभरात एका सकाळी कंबरेत आणि डाव्या कुशीत जोरात दुखायला लागलं, सगळ्यांना वाटलं मुतखडा, दुखायचं इंजेक्शन दिलं, दुपारी घाम सुटून बीपी पडला तेव्हा मिरजेला नेलं, तिथे सीटीत ७ सेंटीमीटरचा फुगा फुटलेला दिसला, ऑपरेशन थिएटरपर्यंत ते राहिले नाहीत. मोठा झालेला फुगाही साधारण वर्षाला काही मिलिमीटरनेच वाढतो, वर्षापूर्वी त्या पोटात काही नव्हतं असं होणं कठीण आहे. ती ओळ बऱ्याच ठिकाणी रिपोर्टच्या साच्यात आधीच टाईप केलेली असते, किडनीचं माप बदलतं, ती ओळ तशीच राहते. मी स्वतः रिपोर्ट टाईप करते, आधीची ओळ तशीच पुढे जाणं किती सोपं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून कोण्या एका सेंटरवर बोट ठेवायचं नाहीये. साचाच बदलला पाहिजे.

माझी मागणी एवढीच आहे, आणि तुमच्या पेपरातून ती रेडिओलॉजिस्ट मंडळींच्या संघटनांपर्यंत आणि आरोग्य खात्यापर्यंत पोचावी. साठीच्या पुढच्या माणसाची पोटाची सोनोग्राफी कशासाठीही असो, मुतखडा, प्रोस्टेट, लिव्हर, रिपोर्टवर महाधमनीची सगळ्यात जास्त रुंदी सेंटीमीटरमध्ये आकड्यात लिहा. गॅसमुळे दिसली नाही तर दिसली नाही असं लिहा, नॉर्मल लिहू नका. याला नवीन मशीन लागत नाही, जास्तीचा पैसा लागत नाही, प्रोब पोटावर आहेच, अजून एक-दोन मिनिटं. इंग्लंडमध्ये पुरुषाला ६५ वं वर्ष लागलं की सरकारकडून बोलावणं येतं आणि एकदाच पोटाची सोनोग्राफी फुकट होते. त्याच्यामागे ६७,८०० पुरुषांवरचा अभ्यास होता, २००२ मध्ये त्याचा निकाल आला, ज्यांना सोनोग्राफीला बोलावलं त्या गटात फुग्याने होणारे मृत्यू चार वर्षांत ४२ टक्क्यांनी कमी. अमेरिकेतही ६५ ते ७५ वयाच्या, कधीही सिगारेट ओढलेल्या पुरुषांना एकदा ही तपासणी करा असं सांगतात. आपल्याकडे सगळ्यांना बोलावणं करा असं मी म्हणत नाही, आपल्याकडे सोनोग्राफीची मशीनं गर्भलिंग तपासणीच्या कायद्याखाली नोंदवलेली असतात, गावोगाव घेऊन फिरता येत नाहीत, आणि महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सगळ्यात आधी तसा कायदा का केला ते आपण सगळे जाणतो, त्यात सूट मागायची नाही. पण ज्या सोनोग्राफ्या रोज होतातच त्यात एक आकडा वाढवायला काय हरकत आहे?

अजून एक गोष्ट जिच्याकडे आमच्यासारख्या गावांत कोणाचंच लक्ष नाही. २०१८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध खात्याने, इशारा दिला की सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या जातीच्या अँटिबायोटिकने महाधमनी चिरण्या-फुटण्याचा धोका वाढतो, म्हणून ज्यांना फुगा आहे किंवा होण्याची शक्यता आहे त्यांना दुसरा इलाज असेल तर ही औषधं देऊ नका. आपल्याकडे जुलाब लागले की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय ऑफ्लॉक्सासिनची स्ट्रिप आणतात. ज्यांच्या रिपोर्टवर फुग्याचं माप आहे त्यांनी ते प्रत्येक डॉक्टरला आणि मेडिकलवाल्यालाही सांगावं. आणि घरात वडिलांना किंवा भावाला फुगा निघाला असेल तर बाकीच्यांनी एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी, छातीतला असेल तर इको, कारण हे घराण्यात चालतं. फार उंच, हातापायाची बोटं लांबसडक, चष्म्याचा मोठा नंबर अशी मुलं असतील तर मार्फान म्हणून एक आजार असतो, त्यात तर तरुणपणीच महाधमनी चिरू शकते. बिडी-सिगारेट आणि बीपी याबद्दल सगळ्यांना ठाऊकच आहे, तरी सांगते, पोटातला फुगा व्हायला तंबाखूच्या धुराइतकं मोठं टाळण्याजोगं कारण दुसरं नाही.

संशोधकांनी रक्तातली खूण जरूर शोधावी. आपल्या देशात ताकायासू नावाचा महाधमनीचा आजार तरुण बायकांत बऱ्यापैकी दिसतो, त्यात सीआरपी आणि ईएसआर या सूज दाखवणाऱ्या टेस्ट नॉर्मल असतानाही आतून भिंत सुजत राहते, तिथे चांगल्या मार्करची गरज तर फार आहे आणि ते काम आपल्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलांनी आपल्या पेशंटवर करायला हवं, परदेशातल्या पासष्टीच्या पुरुषांचे आकडे आपल्या पंचविशीच्या मुलींना लागू पडणार नाहीत. असं काही झालं तर त्याची बातमी तुम्ही मोठी छापा, आमच्या लॅबमध्ये ती टेस्ट यावी म्हणून मीच मालकांच्या मागे लागेन.

तोपर्यंत कृपया त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात एवढं छापा की ही टेस्ट अजून कोणाचा फुगा कधी फुटेल हे सांगत नाही. आणि सोबत लक्षणंही छापा. छातीत किंवा पाठीत एकदम फाडल्यासारखं दुखलं, दुखणं खाली सरकत गेलं, दोन हातांतला बीपी वेगळा लागला, किंवा साठीच्या माणसाला पहिल्यांदाच मुतखड्यासारखं दुखून घाम आणि चक्कर आली तर लॅबमध्ये येऊन रक्त द्यायच्या भानगडीत पडू नका, १०८ ला फोन करा आणि जिथे सीटी आहे तिथे थेट जा. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारा पदार्थ, वाढलाय म्हणून हार्ट अटॅकच आहे असं धरून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायच्या आधी डॉक्टरांनीही दोन्ही हातांचा बीपी एकदा बघावा ही त्यांना हात जोडून विनंती, कारण चीर हृदयाच्या रक्तवाहिनीपर्यंत गेली की ट्रोपोनिन तसाच वाढतो आणि ते इंजेक्शन अशा वेळी जीव घेऊ शकतं.

आपली वाचक,
एक लॅब टेक्निशियन, जि. सांगली